दहा शिपाई, चाळीस पौंड

आमच्या धाकट्या जाऊबाई येत्या उन्हाळ्यात लेकाकडे इंग्लंडला जायच्या आहेत. परवा त्यांचा फोन आला. "अहो ताई, नातू म्हणतोय, आजी मला वॉरहॅमरचे सैनिक हवेत. मी म्हटलं घेऊ की, तुळशीबागेत मिळतील. तर हसायलाच लागला हो! आहे तरी काय हे प्रकरण?"

आता हे फोनवर सांगत बसले असते तर त्यांच्या कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या असत्या. म्हटलं, लिहूनच काढते. माझा नातू गेली काही वर्षं या प्रकरणात गळ्यापर्यंत बुडालेला आहे, लेक नॉटिंगहॅमजवळ राहते, आणि या सैनिकांची गंगोत्री नेमकी नॉटिंगहॅमलाच आहे. त्यामुळे मराठी आणि इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्या बाईला या विषयात गती आली, तर त्यात नवल नाही. सहवासाचा परिणाम, दुसरं काय!

तर मंडळी, हे सैनिक म्हणजे जेमतेम दीड-दोन इंच उंचीच्या मूर्ती. टेबलावर मांडायच्या, फूटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायच्या, फासे टाकून लढाई करायची. एक डाव तीन-तीन तास चालतो. आपण दिवाळीत किल्ला करतो आणि त्यावर चित्रं मांडतो ना, ते मावळे जर रात्री उठून एकमेकांशी नियमाप्रमाणे लढायला लागले तर जे होईल, ते. फरक असा की आपले मावळे रंगवून मिळतात, सुटे मिळतात, आणि "बारा घेतले तर एक गवळण वर द्या" अशी घासाघीस करता येते. इथे यातलं काहीच नाही.

पहिल्यांदा २०२४ च्या जूनमध्ये नातू मला त्या दुकानात घेऊन गेला. छोटंसं दुकान, आपल्याकडच्या औषधाच्या दुकानाएवढं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत डबे. प्रत्येक डब्यावर रंगवलेल्या सैनिकांचा इतका देखणा फोटो की पाहत राहावं. चिलखताच्या कडेला उजेडाची रेघ, डोळ्यांत लाल ठिपका, पायाशी वाळकं गवत. एक डबा हातात घेतला. दहा शिपाई. किंमत चाळीस पौंडांच्या आसपास. मनातल्या मनात शंभराने गुणलं (इंग्लंडात गेलेल्या प्रत्येक आजीचा हा रोग आहे, पौंडाचा भाव शंभराच्या वर असल्यामुळे खरं तर अजूनच वाईट वाटायला हवं) आणि डबा हळूच परत ठेवला. माझा पहिला पगार तीनशेच्या आतला होता. म्हणजे माझ्या वर्षभराच्या पगारात नऊ शिपाईसुद्धा आले नसते.

बरं, डब्यात ते रंगवलेले शिपाई नसतातच! ते पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मूर्ती जोडायच्या आहेत, रंगवलेल्या नाहीत, डिंक आणि रंग वेगळे घ्यायचे. घरी येऊन डबा उघडला की निघतात करड्या प्लास्टिकच्या दोन-तीन सपाट चौकटी. त्यांना हे लोक स्प्रू म्हणतात. चौकटीच्या काड्यांना हात, पाय, डोकी, बंदुका असं सगळं चिकटलेलं. कुरुक्षेत्रावर अठराव्या दिवशी संध्याकाळी जे दृश्य असेल, तेच. शिवाय तळाशी लावायच्या काळ्या चकत्या, खांद्यावरच्या चिन्हांचा एक कागद, आणि एक पुस्तिका, जिच्यात शब्द जवळपास नाहीतच, नुसती चित्रं आणि बाण. जगातल्या सगळ्या भाषांना एकच पुस्तिका पुरते, हा त्यातला व्यवहार. कात्रीने तुकडे तोडा, पातीने खरवडा, डिंकाने चिकटवा, मग अस्तर, मग रंग. बोटभर उंचीच्या रंगाच्या बाटल्या, बारा मिलिलिटरच्या, त्याही त्याच दुकानात. म्हणजे दहा शिपायांचे चाळीस पौंड ही नुसती देवळाच्या पायरीवरची दक्षिणा.

हे सगळं मला आधी शुद्ध लबाडी वाटलं होतं. मग पेणच्या गणपतींची आठवण झाली. पेणहून कच्च्या मूर्ती जातात, गावोगावचे कारागीर त्या रंगवतात, डोळे उघडतात. कच्ची मूर्ती घेणाऱ्याला कुणी फसवलं असं आपण म्हणत नाही, कारण रंगवणं हेच त्याचं काम असतं. नातवाचंही तसंच आहे. रंगवलेले मिळाले असते तर त्याने घेतले नसते. "मग त्यात माझं काय राहिलं, आजी?" असं त्याने विचारलं, आणि मला त्याला उत्तर देता आलं नाही.

या कंपनीची, म्हणजे गेम्स वर्कशॉपची, गोष्ट मोठी मजेदार आहे. १९७५ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात जॉन पीक, स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन या तीन तरुणांनी राहत्या घरात ती काढली. आधी काय, तर लाकडी पट करून विकायचे. बॅकगॅमन, मंकाला वगैरे. मग अमेरिकेतून डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ आणून विकायला लागले. १९७८ मध्ये हॅमरस्मिथला पहिलं दुकान. १९७९ मध्ये ब्रायन अॅन्सेल या माणसाबरोबर त्यांनी नेवार्क या गावी सिटाडेल नावाने धातूच्या मूर्ती ओतायला सुरुवात केली. आणि खरी मेख पुढेच आहे. लोक दुसऱ्यांचे खेळ खेळायला चार-दोन मूर्ती घेत. त्याने मूर्ती किती खपणार? तेव्हा असा खेळ काढा ज्याला सैन्यच्या सैन्य लागेल! १९८३ चा वॉरहॅमर जन्माला आला तो असा. आधी बाहुल्या झाल्या, मग त्यांच्यासाठी भातुकली. १९८७ मध्ये त्याचाच भविष्यकाळातला भाऊ, वॉरहॅमर चाळीस हजार, आला आणि आज मुख्य घोडदौड त्याचीच आहे. १९९४ पासून कंपनी शेअर बाजारात आहे. २०२४ च्या डिसेंबरात ती लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली, बँका आणि तेलवाल्यांच्या पंगतीला. २०२४-२५ या वर्षात तिचा महसूल साठ कोटी पौंडांच्या वर होता आणि करापूर्वीचा नफा पंचवीस कोटींच्या वर. प्लास्टिकच्या शिपायांवर हो!

त्या दुकानात शनिवारी एक पन्नाशीचे गृहस्थ येतात. केस पांढरे, बोटांना कायम निळा रंग. त्यांनी मला जुना काळ सांगितला. तेव्हा मूर्ती धातूच्या, शिसं आणि कथलाच्या मिश्रणाच्या. पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा फुगा, आत स्पंजचा तुकडा आणि दोन-तीन मूर्ती, आणि पुठ्ठ्याला वर भोक. दुकानात खिळ्यांवर ओळीने टांगलेल्या असत, आपल्याकडे शाम्पूच्या पुड्या टांगतात तशा. फुगा पारदर्शक असल्यामुळे आत काय आहे ते दिसे. खिशातल्या खाऊच्या पैशात एक पुडी येई. पुढे १९९३ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या मूर्तींवर बंदी येणार अशी हवा झाली, हळूहळू सगळ्यांनीच शिसं सोडलं आणि महागड्या कथलावर गेले. त्यानंतर प्लास्टिकने धातूला मागे टाकलं. आता एकटा सेनानीसुद्धा डब्यात येतो, आणि डब्यावर फोटो असतो. आत काय आहे ते उघडेपर्यंत दिसत नाही. "तेव्हा मी वस्तू बघून घेत असे, आता चित्र बघून घेतो," असं ते म्हणाले. बाईसाहेब, हे वाक्य मी तुमच्या जागी असते तर वहीत लिहून घेतलं असतं, असंही वर म्हणाले. मी घेतलंच.

त्यांच्याकडे १९८७ नंतरचा तो पहिला प्लास्टिकचा प्रसिद्ध डबा अजून आहे. तीस शिपाई, किंमत नऊ पौंड नव्व्याण्णव पेन्स. महागाई धरली तर आजचे तीस-चाळीस पौंड होतील. म्हणजे तेवढ्याच पैशात तेव्हा तीस येत आणि आज दहा. पण न्यायाने बोलायचं तर जुने शिपाई पाहिल्यावर चिंचेच्या बुटक्यांसारखे दिसतात, आणि नव्यांच्या कमरेच्या पट्ट्यावरचं बक्कलसुद्धा मोजता येतं. १९५२ ची एक गोष्टही त्यांनीच सांगितली. एअरफिक्स नावाची कंपनी गोल्डन हाइंड या जहाजाचे सुटे भाग विकणार होती. वूलवर्थवाले म्हणाले, दोन शिलिंगांच्या आत बसवा, तरच ठेवू. झालं! खोका गेला, साधी प्लास्टिकची पिशवी आली, वर कागदाची पट्टी. तेव्हा दुकानदार किंमत ठरवी आणि वेष्टन त्याप्रमाणे बदले. गेम्स वर्कशॉपची जगभर स्वतःची पाचशेहून जास्त दुकानं आहेत, त्यातल्या बऱ्याच दुकानांत एकच माणूस असतो. मालही त्यांचा, दुकानही त्यांचं. दोन शिलिंगांत बसवा म्हणणार कोण?

किमतीचं कोडं मला मात्र सोडवायचं होतं. दहा शिपायांना चाळीस, म्हणजे एकाला चार. शेजारच्या डब्यात एकटा सेनानी, उंचीने वीतभर तर नाहीच, शिपायापेक्षा फार तर नखभर उंच. त्याचे पंचवीसच्या पुढेमागे! प्लास्टिक म्हणाल तर दोघांत मिळून दोन चमचे. नातवाने समजावलं. प्लास्टिकला किंमतच नाही आजी, किंमत साच्याला आहे. पोलादाचा साचा कोरायला प्रचंड खर्च, एकदा झाला की मग मूर्ती पडायला क्षण लागतो. शिपायांचे डबे एकेक जण तीन-तीन घेतो, साच्याचा खर्च भराभर निघतो. सेनानी प्रत्येक जण एकच घेणार. म्हणून त्याच्या डोक्यावर ओझं जास्त. मला हे पटलं. पाठ्यपुस्तक स्वस्त आणि प्रबंध महाग, त्यातलंच हे. (जाता जाता, तिकडे पुस्तकावर मूल्यवर्धित कर नाही आणि खेळण्यावर २० टक्के आहे. म्हणजे नियमांचं पुस्तक करमुक्त आणि शिपाई मात्र राणीच्या, आता राजाच्या, तिजोरीत भर घालतात.)

पण यात आणखी एक भानगड आहे. खेळात प्रत्येक तुकडीला गुण ठरवलेले असतात. दोन्ही बाजूंचं सैन्य दोन-दोन हजार गुणांचं, म्हणजे लढाई बरोबरीची. गुण पैशांवर चालत नाहीत. चाळीस पौंडांचे शिपाई ऐंशी गुणांचे असू शकतात आणि तेवढ्याच किमतीचं दुसरं काही दोनशेचं. आणि हे गुण कंपनी वर्षातून दोन-चार वेळा बदलते. गुण कमी झाले की सगळे आनंदतात, आपली तुकडी स्वस्त झाली म्हणून. अहो, पण दोन हजार तर भरायलाच हवेत ना? मग आणखी एक डबा! २०२३ मध्ये नियमांची नवी आवृत्ती आली, तेव्हापासून गुण सुट्या शिपायाला नाहीत, पाचाच्या किंवा दहाच्या तुकडीला आहेत. म्हणजे डब्यात जेवढे, तेवढ्यांनाच. सात शिपाई जोडून आठव्याचा हात हरवला तरी भरायचे दहाचेच गुण. नियमाच्या पुस्तकाची आणि डब्याची अशी सोयरीक मी दुसरीकडे पाहिली नाही. आवृत्त्या तरी किती? २०१७, २०२०, २०२३. आमच्या वेळी अभ्यासक्रम बदलला की आम्ही मास्तर लोक संपाची भाषा करायचो.

याहून वाईट प्रकार अमेरिकेत होऊन गेला. २००० मध्ये मेज नाइट आणि २००३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या रंगवलेल्या मूर्ती बंद खोक्यांत विकायला लागले. आत कोण आहे ते सांगायचं नाही! साधे भरपूर, दुर्मीळ एखादाच. ड्रॅगन मिळेपर्यंत पोरं खोक्यांवर खोकी फोडायची. आमच्या शाळेत एके काळी बबलगमच्या कागदात क्रिकेटपटूंची चित्रं आणि धावा येत. वर्गात च्युइंगमच्या वासाने जीव नकोसा व्हायचा आणि माझ्या टेबलाच्या खणात जप्त केलेल्या चित्रांचा ढीग. पोरं गम थुंकून टाकायची, कागद ठेवायची. सोडतीचा नाद लहान वयात लावू नये, असं माझं तेव्हाही मत होतं. त्यामानाने चाळीस पौंड घेऊन डब्यावर लिहिलंय तेच देणारा मला परवडला.

लबाडी म्हणाल तर ती गोड आहे. पहिल्यांदा दुकानात जाल तर एक शिपाई फुकट मिळतो. तिथेच बसून रंगवायचा, रंग-ब्रश दुकानाचे. दुकानातला मुलगा शेजारी बसून शिकवतो, अजिबात घाई करत नाही, "घेणार का" असंही विचारत नाही. मलाही दिला! मी त्याला भगवं चिलखत चढवलं. ब्रश कापत होता, पण एकंदरीत बरा उतरला. नातवाचाही असाच पहिला फुकटचा शिपाई आहे, लापशीसारखा रंग थापलेला, नाक-डोळे गडप. तो नव्या शाळेत गेला तेव्हा वर्षभर त्याला मित्र नव्हता. जेवणाच्या सुट्टीत एकटा बसायचा, हे लेकीने मला फार उशिरा सांगितलं. शनिवारच्या त्या टेबलाभोवती त्याला पहिले तीन मित्र मिळाले. त्यामुळे चाळीस पौंडांचा हिशोब लेक एका रकान्यात मांडते आणि मी दुसऱ्या.

आता ज्यासाठी हे सगळं आठवलं ते सांगते. जाऊबाई, हे तुम्हालाही ठाऊक नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत जावयांची नोकरी गेली. बरेच जण एकदम काढले, त्यात हेही. मी एप्रिलमध्ये गेले तेव्हा घरात आवाज कमी झालेले होते. लेकीची नोकरी अर्धवेळ, घराचा हप्ता तसाच. रात्री दोघं स्वयंपाकघरात गॅसच्या बिलावर बोलायची, अगदी हळू. पण तिकडच्या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. मला ऐकू येत होतं, म्हणजे तेरा वर्षांच्या पोरालाही येत असणार.

एका दुपारी तो माझ्याकडे वही घेऊन आला. "आजी, हिशोब तपासशील?" मी म्हटलं, मी इतिहासाची बाई, पण बेरीज येते. वहीत चार रकाने होते. न फोडलेले डबे. फोडलेले पण चौकटीतून न तोडलेले. जोडलेले. रंगवलेले. त्याच्याकडे सात डबे वरच्या चकचकीत प्लास्टिकसकट तसेच होते. वाढदिवसाचे, नाताळचे, दोन माझ्या पैशांचे. या छंदातल्या प्रत्येकाकडे असा ढीग असतो म्हणे, रंगवायच्या आधीच नवं घेऊन ठेवलेला, आणि त्याची चेष्टाही तेच करतात.

जुन्या मालाचा बाजार त्याने नीट अभ्यासला होता. इतर दुकानं नवा डबाच छापील किमतीपेक्षा पंधरा-वीस टक्के कमीने विकतात, त्यामुळे न फोडलेल्याला त्याहून जास्त कोण देणार? चौकटीत असलेल्याला थोडे कमी. जोडलेल्याला साधारण निम्मे, तेही जोड सरळ असतील तर. आणि रंगवलेल्याला सगळ्यात कमी.

मी म्हटलं, "हे उलटं लिहिलंयस. ज्याच्यावर मेहनत केली त्याला जास्त नको का?"

"नाही आजी. चांगल्या रंगाऱ्याने रंगवले तर जास्त. माझ्यासारख्यांनी रंगवले तर घेणाऱ्याला रंग काढावा लागतो. औषधात बुडवून, ब्रशने घासून."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की मला काही सुचेना. मी बेरीज तपासली. बरोबर होती. सात डब्यांची छापील किंमत दोनशे सत्तर, येतील दोनशे.

लेकीला सांगून केलं सगळं, चोरून नाही. घेणारा शेजारच्या गावचा, मुलगी कडेवर घेऊन आला होता. डबे पाहिले, पैसे मोजले. मग फडताळातले रंगवलेले दिसले, त्रेचाळीस होते, त्यांचे पन्नास देतो म्हणाला. नातवाने विचारलं, "तुम्ही यांचं काय कराल?" माणूस प्रामाणिक. म्हणाला, रंग काढेन आणि माझ्या सैन्याच्या रंगात रंगवेन. नातू थोडा वेळ गप्प. मी सोफ्यावर विणकाम घेऊन बसले होते, मान वर केली नाही. पन्नास पौंड म्हणजे त्या घरात तेव्हा आठवड्याची भाजी होती, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. शेवटी तो म्हणाला, नको, हे राहू देत. त्या माणसाने तो लापशीवाला पहिला शिपाई उचलून पाहिला, हसला, आणि जपून जागेवर ठेवला.

संध्याकाळी जावयांना कळलं. ते इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "घर चालवायला पोराची खेळणी विकायची वेळ माझ्यावर आलेली नाही!" पैसे परत कर, डबे परत आण. नातू रडला नाही. इतकंच म्हणाला, "बाबा, ते मी उघडलेच नव्हते."

मी सहसा त्यांच्या घरात बोलत नाही. जावई माणूस, त्यातून दुखावलेला. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, तुम्ही घेतले नाहीत तर त्याने जे दिलं त्याला काही किंमतच उरणार नाही. खेळण्यांचे पैसे म्हणून घेऊ नका. घरातल्या माणसाने आणून दिले म्हणून घ्या. लेकीने पाकीट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी नातवाची वही मागितली, पाचवा रकाना आखला, त्यात "बाबांना उसने, २०० पौंड" असं लिहून तारीख घातली आणि खाली सही केली. त्या महिन्याचं गॅसचं बिल त्यातून भरलं.

त्यानंतरचे चार महिने नातू शनिवारी दुकानात जायचा, विकत काही घ्यायचा नाही. तिथे त्याला कुणी उठवलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. घरी जोडून ठेवलेले शिपाई काढले, एकेक रंगवायला बसला. संध्याकाळी खिडकीशी दिवा ओढून घेऊन आम्ही दोघं, तो त्याच्या ब्रशाशी, मी सुयांशी. शेवटच्या दहांतल्या एकाच्या खांद्यावर त्याने पिवळी कड अशी ओढली की केसाएवढीसुद्धा हलली नाही. मी चष्मा पुसून दोनदा पाहिली.

जावयांना ऑगस्टमध्ये काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, पण काम बरं आहे म्हणतात. सप्टेंबरात पहिला पगार हातात आल्यावर वहीतला रकाना खोडला गेला, नातवाला दोनशे पौंड पाकिटात मिळाले. मी तेव्हा परतीच्या तयारीत होते. शनिवारी जावई स्वतः त्याला दुकानात घेऊन गेले, मीही गेले. भिंतीवर तेच डबे. विकलेल्यांपैकी एक तर समोरच होता. जावयांनी तो काढून त्याच्या हातात दिला. त्याने फिरवून पाठ वाचली, बाजू वाचली, आणि परत ठेवला.

"अजून सहा रंगवायचेत," म्हणाला. आणि गडद हिरव्या रंगाची एक बाटली घेऊन गल्ल्यापाशी गेला.